मागे तोंड, पुढे चाल

आता सांगतो ते कुणालाही पटणार नाही, आणि ज्याला पटेल तो आमच्या गावचा नाही. क्लबच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी असं म्हणालो, हातातला सॉसेज रोल पाठीमागच्या बाकावर ठेवला आणि सुरुवात केली.

संधिवातानं माझी मान कुंपणाच्या खांबासारखी ताठ झाली होती, मागे वळेचना. मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्यांच्या स्पर्धेत धनी पुढे चालतो, तीन मेंढ्या मागून येतात, कुत्रा त्यांना वळवत आणतो. गेल्या खेपेला मी ऐटीत कोंडवाड्याशी पोचलो, दार उघडलं, तर मागे नुसतं गवत! मेंढ्या केव्हाच चहाच्या तंबूत. त्यात माझी कुत्री फ्लॉस म्हातारी झालेली. पुढची स्पर्धा तिची शेवटचीच. एकदा तरी तिच्या गळ्यात पहिल्या नंबरची निळी फीत बघायची होती मला.

म्हणून नेरिडाकडे गेलो. ती ऑस्टिओपॅथ, हातांनी सांधे-स्नायू मोकळे करणारी.

"डॉक्टरच्या गोळ्या सोडायच्या नाहीत हं, वॉली. मी फक्त त्यांच्या जोडीला," असं बजावून तिनं माझं डोकं तळहातांवर घेतलं आणि गप्प बसली.

"अगं, काही करतेयस की डुलकी लागली?"

"करतेय. तू तोंड मिटलंस तर लवकर होईल."

"मग जन्म जाईल."

तेवढ्यात मानेतला सगळा ताठरपणा सुटला आणि खाली तिच्या घडीच्या टेबलात उतरला. ते टेबल अजून मिटत नाही. बिचारी ते तसंच गाडीच्या टपावर बांधून फिरते. माझी मान मात्र अशी सैल झाली, की मोजे घालताना मला माझीच पाठ दिसली.

स्पर्धेत मी तोंड मागे करून पुढे चाललो. मेंढ्या चक्रावल्या. हा येतोय की जातोय? तिघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि वेड्याच्या नादी कोण लागणार म्हणून आपणहून कोंडवाड्यात शिरल्या. शेवटच्या मेंढीनं तर आत गेल्यावर दारही लोटून घेतलं. फ्लॉस जांभया देत बसली होती. मेंढ्यांना जराही त्रास दिला नाही म्हणून पंचांनी तिलाच निळी फीत बांधली!

"मान अजून तशीच फिरते?" शेजारच्या कुरणातल्या डूलननं विचारलं.

"घुबडासारखी!"

"मग खोटारड्या, फ्लॉस तुझ्या मागे बाकावर चढून मघापासून तुझा सॉसेज रोल खातेय, ते दिसलं नाही होय?"