माझ्या पोटातला खडखडाट

मित्रांनो, मी एक जुनी शर्यतीची सायकल आहे. माझ्या पोटात मोटर नाही. हे दुसरे वाक्य मला आजही जोडावे लागते.

एका अरुंद दुकानात मामांनी मला जुळवले. मामा म्हणजे माझ्यावर बसणाऱ्या मुलीचे सख्खे मामा. स्क्रू दातांत धरून काम करायची त्यांची सवय. माझ्या सीटची दांडी बसवताना ते जोरात शिंकले. त्या दिवसापासून माझ्या नळीत काहीतरी खडखडू लागले आणि मामांनी तोंड उघडून हसणे सोडले. या दोन गोष्टींचा संबंध कोणीच लावला नाही.

मुलीला तो खडखडाट मुळीच सोसत नसे. वेग वाढला की तो वाऱ्यात बुडून जाई. म्हणून बिचारी जीव खाऊन पायडल मारी. असे आम्ही अजिंक्यपद जिंकलो.

पदक मिळण्याआधीच एका वार्ताहराने माइक पुढे केला.

"ताई, एवढा वेग आला कुठून?"

"पायांतून."

"ते सगळेच म्हणतात," असे म्हणत त्याने मला हलवले. खडखड! संध्याकाळपर्यंत 'छुपी मोटर' घरोघरी पोचली. पदक अडकले. कालपर्यंत तिचे कौतुक करणारे शेजारी तिच्या पोटऱ्यांकडे संशयाने पाहू लागले. ती माझी स्वच्छ साखळी पुन्हा पुन्हा पुसत बसे.

तपासणीच्या दिवशी कॅमेऱ्यांसमोर माझा सांधा न् सांधा सुटा झाला. तपासनीसांनी नळी उलटी केली आणि टेबलावर टपकन एक खोटा दात पडला.

"अरे, हा तर माझा!" मामा ओरडले.

"बसवून दाखवा," तपासनीस गंभीरपणे म्हणाले. दात चपखल बसला.

"मामा, बोलला का नाहीस?" मुलीने विचारले.

"चारचौघांत काय बोलू, दात पळाला म्हणून?"

वार्ताहर हटेना. "मग या दातामुळे वेग वाढतो का?"

मुलगी प्रामाणिक. तिने क्षणभर विचार केला. "खरं सांगू? हो. त्या आवाजापासून पळत होते मी."

मामांनी कपाळावर हात मारला. तपासनीस मात्र पोट धरून हसले आणि पदक तिचेच ठरले. सारे कॅमेरे पदकामागे धावले. मी टेबलावर तुकड्या-तुकड्यांत तशीच पडून राहिले.

ती एकटी परत आली. एकेक स्क्रू उचलून मामांना देऊ लागली. सवयीने मामांचा हात तोंडाकडे गेला.

"मामाऽ!"

मित्रांनो, शंका आली तर मला खुशाल उघडून पाहा. फक्त शंका फिटल्यावर, मला पुन्हा जोडेपर्यंत थांबा.