महिलांचं दार

अक्कलकोट रोड एमआयडीसीत इंद्रजीतशेठचा टॉवेलचा कारखाना होता. तिथं कडा शिवायला इतक्या बायका, पण त्यांना संडास नव्हता. जेवणाच्या सुट्टीत मागच्या वेड्या बाभळीत जायचं, एकीनं राखण करायची, दुसरीनं घाई. गोजाबाई तर दिवसभर पाणीच पीत नसे. शेवटी लघवीला आग व्हायला लागली. डॉक्टर म्हणाले, "भरपूर पाणी प्या."

"पिते की," गोजाबाई म्हणाली. "पर ते सोडायचं कुटं, ती बी चिठ्ठी लिवून द्या."

शेठचा स्वतःचा संडास ऑफिसशेजारी होता. पांढरी फरशी, आत आरसा. माणसाला तिथं तोंड बघायची काय हौस, हे गोजाबाईला कधी कळलं नाही.

एकदा परदेशी गिऱ्हाइकानं तपासणीला एक मॅडम पाठवायचं ठरवलं. शेठनी आदल्या दिवशी पेंटर बोलावून आपल्याच संडासाच्या दारावर 'महिला' लिहून घेतलं. पेंटर हौशी. त्यानं खाली नथ घातलेली बाईही काढली, तीही पक्क्या ऑइलपेंटनं. मग सगळ्यांत वडीलधारी म्हणून शेठनी गोजाबाईला पढवलं, "मॅडमनी विचारलं तर सांगायचं, हा आमचा संडास, आम्ही रोज वापरतो."

गोजाबाईनं शब्द न गाळता सांगितलं. मॅडम खूश. त्यांनी दारापाशी तिचा फोटो काढला आणि जाताना शेठना हसून म्हणाल्या, "मी न कळवता पुन्हा केव्हाही येईन."

दुसऱ्या दिवशी गोजाबाईनं मशीन बंद केलं आणि सरळ त्या दारानं आत गेली. बाहेर आली तर समोर शेठ.

"गोजाबाई, ते कालपुरतं होतं."

"व्हय मालक. पर म्या त्या मॅडमला रोज म्हणून सांगितलंय. आज न्हाय गेले तर खोटारडी ठरंन की. ह्या वयात कशाला माझ्या जिभेला डाग लावता?"

तिच्या शेजारच्या मशीनवरची सावित्रम्मा मागंच उभी होती. "मालक, जरा सरका," ती म्हणाली. "मला बी खरं बोलायचंय, आन् लई घाईनं बोलायचंय."

तिच्यामागं खरं बोलणाऱ्यांची रांग थेट शिलाईखात्यापर्यंत गेली होती.

दार पुन्हा रंगवावं, तर मॅडम कधी उगवतील याचा नेम नाही. शेठ मग बायकांची पाठ वळली की गुपचूप आत जाऊ लागले. एकदा बाहेर पडताना दुधनीच्या एका व्यापाऱ्यानं त्यांना गाठलं. त्यानं दारावरच्या नथीकडे पाहिलं, मग शेठच्या मिशांकडे.

"शेठ, घरी सगळं ठीक आहे ना?"

त्या दिवसापासून शेठनी बाभळीचा रस्ता धरला. राखणीला मात्र कुणी येईना. मालकाची राखण करायची म्हणजे पाहायचं कुठं, हा नोकरांनाही पेच.

चार दिवसांनी ते गोजाबाईच्या मशीनपाशी येऊन उभे राहिले. पँटीला काटे, चेहरा पडलेला.

"गोजाबाई, दुपारचा अर्धा तास ते दार मला..."

गोजाबाईनं टॉवेलची कड पुरी केली, दोरा तोडला.

"माझ्या एकटीच्या हातात कुटं हाय, मालक? बायकांना इचारावं लागंल."

"विचारा," शेठ म्हणाले. "पण जरा लवकर विचारा."