दुसरा हात

हिंगणघाटच्या खालच्या अंगाला, वेणा नदीच्या काठी एका गावात महादेवाचं हेमाडपंती देऊळ आहे. चुन्याचा कण नाही. काळे चिरे खाचांनी एकमेकांत बसवलेले. मंडपाच्या खांबांवर नाचणाऱ्या बाया कोरल्या आहेत. त्यातल्या एकीला तोंड नाही. तिला घडवणारा पाथरवट भर दुपारी हात धुवायला नदीत उतरला तो परत आलाच नाही, असं गाव सांगतं. दुपारच्याला तिथे छिन्नी वाजते, म्हणून पूजा आटोपली की मंडपात कोणी थांबत नाही.

एकोणऐंशी सालच्या पुरात जयवंताबाईंचा लेक चंद्रभान वाहून गेला. प्रेत सापडलं नाही. "माह्या पोराले मेला म्हनू नका," असं त्या सगळ्यांना बजावत. सून नलूच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिला त्यांनी कुंकू पुसू दिलं नाही, की माहेरी पाठवलं नाही. दिवाळीनंतर तिचा भाऊ पवनारहून न्यायला आला, तर त्याला दारातूनच परतवून लावलं.

पौषात एका दुपारी जयवंताबाई देवळाशी आल्या. गुरव किसनराव कडी लावत होते.

"वैनी, या टायमाले अंदर कोनी जात नाई."

"मालूम हाये मले. जो नदीत गेला, त्याले नदीतलं ठाऊक असन. त्याले इचारतो."

त्या बिनतोंडाच्या खांबाशी जाऊन बसल्या. किसनराव उंबऱ्यावरच थबकले. बाहेर ऊन होतं. आत मात्र पुराच्या गाळाचा ओला वास सुटला. मग आवाज आला. टक्. टक्.

"बापा, माहा चंद्रभान दिसला काय तुले?"

छिन्नी थांबली. पुन्हा वाजू लागली तेव्हा आवाज दोन होते. एक ठाशीव, एका लयीत. दुसरा अडखळता, चुकायचा, थांबायचा, पहिल्याच्या मागे धावायचा. किसनरावांनी उंबऱ्यावरूनच हाक मारली.

"वैनी, बाहेर या!"

जयवंताबाईंनी दगडाला गाल लावला होता. बऱ्याच वेळानं त्या उठून आल्या.

"आयकलं ना तुमी?"

"आयकलं."

"पह्यला हात पक्का हाये. दुसरा आत्ता शिकून राह्यला." त्यांनी पदरानं गाल पुसला. "माहा पोरगा कोनतंही काम असंच शिके. पह्यले घाई करे. आता तो काई घरी येत नाई, किसनराव."

त्याच आठवड्यात त्यांनी नदीकाठी लेकाचं क्रियाकर्म करवलं. रात्रभर रडल्या. मग नलूला जवळ बसवून म्हणाल्या, "तो कामाले लागला, पोरी. तू काऊन बसून राह्यली?"

तिला घेऊन त्या स्वतः पवनारच्या बसमध्ये बसल्या. तिच्या भावाला म्हणाल्या, "हिच्यासाठी चांगलं घर पाहा. मी आडवी येनार नाई."

वैशाखात नलूचं दुसरं लग्न झालं. जयवंताबाई लुगडं घेऊन गेल्या. नलू गळ्यात पडून रडायला लागली, तेव्हा त्यांनी तिची पाठ थोपटली.

"जेवून घे आधी," त्या म्हणाल्या. "दूर जायाचं हाये तुले."