पडद्यावरचा माझा भाऊ

मी रेबाब. जावा बेटावर सोलो शहराजवळच्या एका गावात, विरास्नो नावाच्या म्हाताऱ्या वादकाच्या ओसरीत राहतो. पोट फणसाच्या लाकडाचं, त्यावर म्हशीचं पातळ कातडं, तारा दोनच. सारंगीशी नातं सांगावंसं वाटतं. ती ओळख देईल का, कोण जाणे.

विरास्नोची बायको सुमार्नी गायची. मी सूर धरायचो, ती त्यात उतरायची. ती वारली आणि त्याने मला भिंतीवर टांगलं. दमट हवेने माझं कातडं सैलावलं. शेवटी ठरलं, संग्रहालयाची माणसं मला नेणार, काचेच्या कपाटात ठेवणार.

आदल्या संध्याकाळी गावाने ओसरीसमोर पडदा बांधला. सिनेमा एका रेबाबवादकाचा होता. कुणाशी न बोलणारा, नदीकडे बघत बसणारा. वाऱ्याने पडदा हलला की त्याचा चेहरा पाण्यात विरघळे. वाजतोय तो माझा पडद्यावरचा भाऊ की मीच, मला नीट कळेना.

मग रागाच्या भरात तो वादक आपल्या रेबाबला ओलांडून गेला. आमच्याकडे वाद्याला कुणी ओलांडत नाही.

"पाय झडतील रे मेल्या!" शेजारीण वार्सी पडद्यावर ओरडली. सगळे हसले. विरास्नो मात्र हुंदके देत होता.

"बाबा, सिनेमा आहे तो," त्याची मुलगी विदुरी म्हणाली.

"कळतं गं! गजसुद्धा धरता येत नाही त्या गाढवाला. गजाचे केस बोटांनी ताणायचे, हा नुसता घासतोय. पण त्याने एकदाच ओलांडलं. मी रोज याच्याखालून जातो, वर बघत नाही."

त्याने मला उतरवलं, गज फिरवला.

"मांजर चेंगरलं का हो?" वार्सीने विचारलं.

"घसा बसलाय त्याचा. तुझा कधी बसतच नाही!"

सकाळी संग्रहालयाची माणसं आली. "आजारी आहे तो, कुठे नेता?" म्हणत विरास्नोने त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

आता माझं जुनं कातडं काढलंय. नवं उन्हात वाळतंय. मी नुसता पोकळ पडून आहे. गाणं जमेल की नाही, धास्ती वाटते. विरास्नोच्या बोटांचाही सराव सुटलाय. आमच्या दारावरून जाताना काही बेसूर कानी आलं, तर खुशाल हसा. पण घटकाभर बसा.