न दिलेला खांदा

गोमाजी महाडात तय्यबशेठच्या वखारीत लाकडं चढवायचा आणि उतरवायचा. मूळचा तो पोलादपूरच्या पुढचा. उमरठवरून वर चढून गेलं की डोंगराच्या सपाटीवर त्याची वाडी. तिथे धाकटा भाऊ भिकू, भावजय रखमा, शेरडं, दोन म्हशी आणि डोंगरउतारावरचं नाचणीचं वरकस रान. गेल्या पावसाळ्यापर्यंत आयही होती.

वाडी सुटली ती तुळसाच्या आजारपणात. बायकोला घेऊन तो महाडच्या दवाखान्यात आला आणि तिच्या उशाशी बसून राहिला. दुखणं हाताबाहेर गेलं होतं. तुळसा मरणाला फार भ्यायची, अंधार पडू लागला की त्याचा सदरा घट्ट धरायची. तिथल्या नर्स माधुरीबाई कामाची पाळी संपली तरी घरी जात नसत. तिचा हात हातात घेऊन हलक्या आवाजात प्रार्थना करत बसायच्या, घरातल्या कुणाशी बोलावं तशी. हळूहळू तुळसाचं भय गेलं. गेली तेव्हा तिचा चेहरा झोपल्यासारखा निवांत होता. ती वाचली नाही. पण या बाई बोलत होत्या ते कुणाशी, हे गोमाजीला जाणून घ्यायचं होतं. विचारत विचारत तो येशूच्या वाटेला लागला आणि वर्षभराने सावित्री नदीच्या पाण्यात त्याचा बाप्तिस्मा झाला.

वाडीत ही गोष्ट पोचली तेव्हा भिकूने एवढंच म्हटलं होतं, "तुझा देव तुला, आमचा आमाला." भांडण झालं नाही. जाणं-येणं मात्र आटलं.

मग आय गेली. भाद्रपदात गेली, आणि गोमाजीला कळलं ते तेरावं उलटून गेल्यावर, पोलादपूरच्या स्टँडवर. वाडीतला एक माणूस सहज म्हणाला, "म्हातारीचं सगळं नीट झालं हां." गोमाजीने मान हलवली, जणू त्याला ठाऊकच होतं. तेव्हापासून भिकूचं नाव त्याने तोंडातून काढलं नव्हतं.

दोन हजार दोन सालचा पहिला दिवस उजाडला. माधुरीबाईंच्या घरी, नाक्यामागच्या चाळीत, नव्या वर्षाची उपासना होती. त्यांचे यजमान सुधीरराव तिथल्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक. दहा-बारा माणसं सतरंजीवर बसलेली. येशूच्या आठवणीत सगळ्यांनी वाटून खायची प्रभुभोजनाची भाकर पुढे करण्याआधी सुधीरराव म्हणाले, "ज्याच्या मनात भावाविषयी काही असेल, त्याने आधी ते मिटवून यावं. भाकर कुठे जात नाही."

ताटली फिरत फिरत गोमाजीपाशी आली. त्याने ती तशीच पुढे सरकवली, उठला आणि बाहेर पडला. दाराशी माधुरीबाई हळूच म्हणाल्या, "जा गोमाजी. आम्ही आहोत इथे."

वखारीत जाऊन त्याने तय्यबशेठला सुट्टी मागितली. शेठने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "गावाला? जा. आजचा ट्रक चंदू बघेल."

एसटीने पोलादपूर, तिथून जीपने उमरठ, पुढे पायवाट. सबंध वाटेत तो एकच वाक्य घोकत होता, 'भिकू, मी तुला माफ केलं.' कारवीच्या झुडपांतून चढताना धाप लागली, तरी ओठ हलतच होते. हे बोललं की छाती हलकी होईल, असं त्याला वाटत होतं.

अंगणात रखमा नाचणी पाखडत होती. त्याला पाहून तिने सूप खाली ठेवलं, पदर सावरला आणि पाण्याचा तांब्या आणून दिला. "भावोजी, बसा. शेरडं घेऊन येतीलच ते."

तो ओटीवर बसला. आत आयची जागा रिकामी होती. तिची वाकळ घडी करून दांडीवर टाकलेली. चुलीपाशी वाकून "गोमा, जेवलास का रे?" असं विचारणारं कुणी नव्हतं. ही हाक ऐकायलाच आपण डोंगर चढून आलो की काय, असं त्याला एकदम वाटलं.

भिकू आला. भावाला बघून अंगणातच थबकला. केस फार पांढरे झाले होते त्याचे. शेरडं आपली आपण गोठ्यात शिरली.

"कदी आलास?"

"आत्ताच."

गोमाजीने घोकलेलं वाक्य जिभेवर आणलं, आणि भावाचे ते पांढरे केस बघून त्याला ते म्हणवेना. त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

"मी खांदा दिला असता रे."

भिकू ओटीच्या कडेला टेकला. "आय शेवटच्या दिवशी सारकी इचारत होती, गोमा आला का. मी म्हनालो, येतोय. निरोप धाडनार होतो. मंग मानसं म्हनाली, त्याला आता हे चालत नाय, तो येऊन लांब उभा राहील. तू आयच्या तिरडीपासून लांब उभा राहिलेला मला बघवला नसता. म्हनून नाय धाडला."

"लांब नसतो राहिलो."

"आता कळतंय ते."

रखमाने दोघांना ताटं वाढली. भाकरी, कुळथाचं पिठलं. गोमाजी जेवणाआधी डोळे मिटून क्षणभर थांबला. त्याचे डोळे उघडेपर्यंत भिकूनेही घास मोडला नाही.

जेवून दोघे ओढ्याकडे गेले. आयला अग्नी दिला ती जागा भिकूने दाखवली. पावसाने सगळं धुऊन नेलं होतं, गवत वाळून पिवळं पडलं होतं. गोमाजी तिथे गुडघ्यांवर बसला. भिकू मागे उभा राहिला, निघून गेला नाही.

तो उठल्यावर भिकूने विचारलं, "काय मागितलंस?"

"मागितलं नाय काय. आयचं सांगत होतो."

"ऐकतो तो?"

"ऐकतो."

भिकूने नाक पुसलं. "मंग माजंबी येक सांग त्याला. म्हनावं, भिकूने निरोप धाडाया पायजे होता. चुकलं त्याचं."

गोमाजी पुन्हा खाली बसला आणि भावाला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने ते सांगितलं. मग स्वतःचंही सांगितलं. इतके महिने धरून ठेवलेला राग, आणि माफी देणारा मोठा माणूस होऊन डोंगर चढून आलेला तो स्वतः.

उन्हं कलली तसा तो निघाला. भिकू वळणापर्यंत आला. "पुडल्या टायमाला रहायाच्या हिशोबानं ये," एवढंच म्हणाला आणि शेरडांच्या मागे वळला.

उमरठहून जीप सुटली. गोमाजी मागच्या फळीवर बसला होता. शेजारी कुणी बाई कोंबड्यांची पाटी मांडीवर घेऊन बसलेली. राग होता तोवर त्याने आयसाठी एक टिपूसही काढलं नव्हतं. आता ती पुरी आठवली, तिच्या हाताचा धुराचा वास, तिचं वाकून चालणं, तिचं येतोय का, येतोय का विचारणं. घाटाकडचा वारा तोंडावर येत होता आणि तो पाटीवाल्या बाईची लाज न धरता रडत होता.