पहिल्या बर्फाचा अर्ज

माझा मावसभाऊ डोनल. आयर्लंडात बसून त्याने जूनमध्येच आमच्या कॅनडातल्या डोंगरगावातल्या प्रत्येक हॉटेलात अर्ज पाठवला. तेव्हा व्हिसाच हातात नव्हता, मग उत्तर कोण देणार? व्हिसा मिळून तो नोव्हेंबरात येऊन धडकला, तोवर हंगामाची भरती संपलेली. इथे नोकरी असेल तरच हॉटेलकडून राहायला खोली मिळते, म्हणून पठ्ठ्या माझ्या सोफ्यावर.

"नूला, मी परत जातो. माझी वेळच चुकते."

"गप रे! शनिवारी स्कीचे उतार उघडतायत. संध्याकाळी अर्ज घेऊन दवाखान्यात जाऊन बस."

"पण मला काय झालंय?"

"काही नाही झालेलं, म्हणूनच तर जायचं!"

शनिवारी दरवर्षीसारखी गावातली अर्धी कामकरी पोरं कामाला दांडी मारून बर्फावर पळाली. संध्याकाळी दवाखान्यात ही कण्हणारी गर्दी! मधोमध डोनल, इस्त्रीच्या शर्टात. नर्सने त्यालाही दोनदा व्हीलचेअरवर बसवलं, दोनदा तो उतरला.

एवढ्यात हॉटेलचा मुख्य आचारी गॉर्डन आपल्या भांडी घासणाऱ्या पोराला, भांडीवाल्याला, पाठीवर घेऊन आला. भांडीवाल्याचा पाय प्लास्टरात गेला आणि गॉर्डनने कपाळाला हात लावला. डोनलने लगेच अर्ज पुढे केला. गॉर्डनने तो उघडलाही नाही.

"स्की येतं?"

"नाही."

"शिकायचंय?"

"मुळीच नाही, साहेब!"

"मग चल, भांडी तुंबलीत. खाटही घे याची. हा चालला सिडनीला, आईकडे."