झुंबरबाईंचं तिखटमीठ

आमच्या आत्याबाई खोटं कधी बोलल्या नाहीत. हे मी भर चर्चमध्ये उभी राहून सांगेन. पण घडलेली गोष्ट जशीच्या तशी सांगायची म्हणजे पाहुण्याला अळणी आमटी वाढण्यासारखं त्यांना वाटायचं. वाढणाऱ्यालाच लाज.

झुंबरबाई त्यांचं नाव. माझ्या नवऱ्याच्या आत्या. त्याला लहानाचं मोठं त्यांनीच केलं, म्हणून मला त्या सासूच्या जागी. इंदापूरच्या आमच्या ख्रिस्तीवाड्यात त्या मिशनच्या बायबलबाई होत्या. काखेत शास्त्र, म्हणजे बायबल, घ्यायचं, घरोघर जाऊन बायकांना वाचून दाखवायचं, आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करायची, हे त्यांचं काम. दुसरं एक काम मिशननं दिलेलं नव्हतं, ते त्यांनी आपणहून घेतलं होतं. या घरची हकीकत त्या घरी पोचवायची, आणि पोचवताना थोडं तिखटमीठ लावायचं. बायका फुंकणी खाली ठेवून ऐकायच्या. मीही ऐकायची आणि मला ते फार आवडायचं, उगाच साळसूदपणा कशाला करू.

कळंबकडे साखरेचा कारखाना निघाला, त्यानंतर एक-दोन वर्षांत सोपानचं प्रकरण झालं. सोपान आमच्या चर्चच्या मंडळीचा पंच, समोरच्या फुलाबाईचा नवरा. सणसरच्या जत्रेत तो कुस्त्या बघायला गेला. आत्याबाईंनी पहिल्या घरी सांगितलं, सोपान जत्रेत दिसला. दुसऱ्या घरी तो देवळाच्या पायरीपाशी दिसला. मग गोष्ट आपल्या पायांनी चालू लागली आणि वाड्याच्या टोकाला पोचेपर्यंत सोपाननं म्हसोबाला बोकड कापून वाटे घातले होते. आता बोकड काही आत्याबाईंचा नव्हे, तो दुसऱ्या कुणाचा. पण पायरी त्यांची होती. त्या रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी चर्चच्या पाळकसाहेबांनी भाकरीचं ताट सोपानच्या पुढून तसंच पुढे नेलं, म्हणजे त्याला पंगतीतूनच उठवलं. सोपान मान खाली घालून उठून गेला. संध्याकाळी फुलाबाईनं आमच्या दारात उभं राहून जे तोंडसुख घेतलं, ते मी लिहीत नाही. तिचं चुकलं असं मात्र मला वाटलं नाही.

खरं काय ते कळल्यावर पाळकसाहेबांनी सोपानची माफी मागितली आणि आत्याबाईंना बोलावून घेतलं. ते रागावले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "झुंबरबाई, पाट काही एकदम फुटत नाही. आधी खेकड्याचं बोटभर बीळ पडतं. पाटकऱ्याला वाटतं, एवढ्याशानं काय होतंय. सकाळी बघावं तर सगळा ऊस पाण्यात."

त्या रात्री आत्याबाई जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, "सूनबाई, दारू पिणाऱ्याला बाटली फोडता येती. मी काय फोडू? माझं पाप जिभंच्या शेंड्यावर बसलंय, आन् ती जीभ घिऊनच मला शास्त्र वाचायचं हाय."

मग त्यांनी उपाय काढला चिंचोक्याचा. भाजलेले चिंचोके कमरेच्या पिशवीत ठेवायचे आणि गोष्ट ओठांशी आली की एक गालात टाकायचा. तो मऊ पडेपर्यंत बोलायचं नाही. तरीही कधी जीभ घसरलीच, तर दुसऱ्या दिवशी त्याच घरी जाऊन घातलेलं मीठ परत काढून घ्यायच्या. "काल मी म्हणाले रंगूबाईच्या भाकरी करपल्या. एकच करपली हुती, ती बी कडंला." ऐकणारी बाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची.

याचं फळ काय मिळालं? बायका कंटाळल्या. शास्त्र ऐकायला पूर्वी ओसरी भरायची, ती ओस पडली. मलाही राग आला. दिवसभर राबून आलेल्या बाईनं दोन घटका हसायचंही नाही का? मी तसं म्हटलंही. "आत्याबाई, एवढ्याशा गोष्टींनी तुम्ही कुणाचा जीव घेत होता का?"

"सोपानचा घ्यायचाच राहिला हुता की," त्या म्हणाल्या आणि पुन्हा चिंचोका चघळू लागल्या.

असं वर्ष गेलं. फुलाबाई आमच्याशी बोलत नव्हती. तिची मुलगी रिबका उपवर झाली होती. गुणी मुलगी, हातात शिवण, गळ्यात सूर. पण दोनदा स्थळं आली आणि दोनदा अर्ध्या वाटेतून फिरली. काहीतरी कुजबुज त्यांच्या कानावर जायची. फुलाबाई वाळून चालली होती. तशात बारामतीचं स्थळ आलं. मुलगा दवाखान्यात कंपाउंडर. हेही फिरलं तर पुढं कुणी दार ठोठावणार नाही, हे वाड्यातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

आमच्या लोकांत रीत अशी की पाहुणे आधी बायबलबाईच्या घरी चहा घेतात आणि मग मुलीच्या घरी जातात. बायबलबाईला सगळी घरं आतून माहीत, तेव्हा चौकशी तिच्यापाशी. म्हणजे फुलाबाईच्या मुलीचं नशीब आमच्या चुलीपुढं ठरायचं होतं. पाहुणे मोटारीतून उतरून आमच्या घरात शिरले, तेव्हा फुलाबाई समोर आपल्या दाराला टेकून उभी होती. तिचा चेहरा पाहून मला चहात साखर किती घातली ते आठवेना.

मुलाचे वडील कुंडलिकराव शांत गृहस्थ होते. बोलायचं काम त्यांच्या बहिणीचं, द्वारकाबाईंचं. बशी खाली ठेवून त्यांनी सरळ विचारलं, "झुंबरबाई, पोरगी बोर्डिंगातनं पळाली हुती म्हणं? आन् एक रात कुठं हुती ते कुणाला ठावं न्हाय म्हणं?"

ती गोष्ट मला पाठ होती. लग्न होऊन आले तेव्हा आत्याबाईंच्याच तोंडून ऐकलेली. त्यात वादळ सुटायचं, टांग्याचं चाक निखळायचं, आणि शेवटी "रात कुठं गेली ते देवाला ठावं" असं म्हणताना आत्याबाईंची एक भुवई वर जायची. ती भुवईच बारामतीला पोचली होती.

आत्याबाईंचा हात कमरेला गेला आणि चिंचोका गालात.

द्वारकाबाईंनी भावाकडे पाहिलं. कुंडलिकरावांनी कप खाली ठेवला. जिच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं तीच मुकी झाली, म्हटल्यावर पाहुण्यांनी काय समजायचं? वर्षभर जपलेलं ते मौनच आता पोरीच्या मुळावर उठलं होतं. मी काहीतरी बोलणार, तोच आत्याबाईंनी चिंचोका हातावर काढून चुलीत टाकला.

"सांगते," त्या म्हणाल्या. "पोरगी अकरा वर्साची. सोलापूरला बोर्डिंगात. आई तापानं पडली असं कुणीतरी सांगितलं, तशी न इचारता रेल्वेत बसली. भिगवणला उतरली तवा अंधार पडला हुता. रसूलभाई टांगेवाला, मिशीसकट पिकलेला म्हातारा, त्यानं रडताना बघितली. घरी नेली. त्याच्या बायकूनं, जमीलानं, भाकरी वाढली, आपल्याजवळ निजवली. सकाळी टांग्यात घालून दोघांनी हितं आणून सोडली. आई बरी झाल्यावर पोरगी परत बोर्डिंगात गेली. बाईंनी छड्या दिल्या, त्या खाल्ल्या."

त्या थांबल्या. मला दिसत होतं, त्यांच्या आत काय चाललं होतं. आता तिखट नव्हे, साखर घालायचा मोह होता. चार शब्द वाढवले असते तर रिबका देवदूत झाली असती, पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं आणि फुलाबाई जन्माची मिंधी झाली असती. चांगल्यासाठीच की. मी मनात म्हणत होते, घाला आत्याबाई, एवढी एक चिमूट घाला. त्यांनी दोन्ही ओठ आवळून धरले.

"एवढंच?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"एवढंच."

"आमच्याकडं तर लई मोठी गोष्ट आली हुती."

"ती बी माझीच," आत्याबाई म्हणाल्या. "शेवट मी फुगवून सांगत हुते, ऐकणाऱ्याला गोडी लागावी म्हणून. त्यात पोरीचा काय बी दोष न्हाय. जमीला भिगवणात जित्ती हाय, जाऊन इचारा."

द्वारकाबाई काही बोलणार होत्या. कुंडलिकरावांनी हात वर केला. "अक्का, जी बाई आपल्याच गोष्टीची हवा काढती, तिला आनी काय इचारायचं?" ते उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "चला, पोरगी वाट बघत असंल."

ते समोरच्या घरात शिरले. आत्याबाईंनी खांबाला पाठ टेकली आणि हसू लागल्या. हसता हसता रडू लागल्या. "जमलं गं सूनबाई," एवढंच पुन्हा पुन्हा. मला वर्षभराचा माझा राग आठवला आणि मी त्यांच्या पायाशी बसले. इतकी मोठी मला ती बाई कधीच वाटली नव्हती.

संध्याकाळी फुलाबाई आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "काय सांगितलंस?"

"घडलं ते."

"आन् वर काय?"

"वर काय बी न्हाय."

फुलाबाई खाली बसली. पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "जेवायला चला दोघी. सोपाननं कोंबडी आणलीय."

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपासनेत लग्नाची सूचना वाचली. सोपानची मुलगी रिबका, कुंडलिकरावांचा मुलगा अमुक. वाचून झाल्यावर नेहमीप्रमाणे म्हणाले, "या विवाहाला कुणाला काही हरकत ठाऊक असेल, तर त्यानं आत्ताच सांगावं."

आणि सगळी मंडळी, पुरुषांच्या बाजूनं आणि बायकांच्या बाजूनं, एकदम मागं वळून झुंबरबाईंकडे बघू लागली. पोरंसुद्धा. मी लाजेनं खाली बघितलं.

आत्याबाई सावकाश उठल्या. फुलाबाईनं बाकाची कड घट्ट धरली. आत्याबाईंनी साऱ्या चर्चवरून एकवार नजर फिरवली.

"माझ्याकडं काय बघताय?" त्या म्हणाल्या. "पाळकसाहेब, म्होरचं गीत सांगा."